खिशातला फ्यूज

आधीच सांगते, रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी वळसा घालत नाही, लाथेने बाजूला करते. नांदेडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. जे मीटरवर दिसत नाही ते नाहीच, असं पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली... आणि अजूनही हात आखडतोय.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. लायसन्स काढून आपल्या सेटवरून लांबच्या माणसांशी बोलायचं, एवढंच. हा नाद लावला हमीदचाचांनी. माझ्या वडिलांचे दोस्त, सत्तरीचे, जुन्या नांदेडात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आमचा रिपीटर त्यांनीच हाताने बांधला. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेला निरोप्या — नांदेडचा आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी जोरात लातूरपर्यंत पोचवायचा. अहमदपूरच्या अलीकडे बालाघाटाच्या एका माळावर पत्र्याची खोली, आत बॅटरी आणि सेट, शेजारी साठ फुटी टॉवर. दर दहा मिनिटांनी तो मोर्सच्या टिंब-रेघांत स्वतःची ओळख वाजवतो. ती ओळख चाचांनी स्वतःच्या हाताने वाजवून त्यात भरली होती. शेवटची रेघ जराशी लांबते. हजारांत मी तो हात ओळखीन.

चाचांचे दोन नियम. टॉवरवर जो चढेल, बॅटरीचा फ्यूज त्याच्याच खिशात — म्हणजे खालून चुकून सेट चालू होऊन वरच्याला भाजायची भीती नाही. आणि दुसरा, उडालेला फ्यूज का उडाला ते कळेपर्यंत फेकायचा नाही. त्यासाठी दुकानात काचेची बरणी. कारण सापडलं की फ्यूज कचऱ्यात. बरणी बहुतेक रिकामीच असायची, आणि त्याचा म्हाताऱ्याला कोण तोरा!

हळद काढणीचे दिवस होते. टॉवरवरच्या अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं, लातूरकडचे आवाज फाटून येत होते. सकाळपासून मला उगाच चैन नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबची परीक्षा, डोक्यात सतरा कामं, आणि चाचा गाडीत गप्प. वाटेत लोह्याला चहा घेतला तर त्यांनी अर्धा तसाच ठेवला.

"काय होतंय, चाचा?"

"काही न्हाई बेटी. छातीत जरा भरल्यावानी होऊन राहिलं. गॅस असंल."

"मग परत फिरू या?"

"आन् पुन्यांदा कधी येनार? तुला सवड हाय का? चल."

तिथूनच गाडी वळवायला हवी होती. नाही वळवली. खोटं कशाला बोलू, काम उरकायची घाई मलाच होती. हे अजून खुपतं.

दुपारी दोनला माळावर पोचलो. मी टॉवरचा पट्टा बांधत असताना चाचांनी विचारलं, "फ्यूज?"

"काढला."

"दाखव."

मी काचेची नळी उन्हात धरली. आतली तार अख्खी, चकचकीत. "टाक खिशात," म्हणाले आणि खोलीत सावलीला जाऊन बसले. मी फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला, चेन ओढली आणि चढले. हँडसेट एकच आणला होता, तो माझ्या कमरेला.

वर जोड उघडला. हिरवा गंज. केबलचं टोक डाव्या हातात, चाकूने खरवडत होते... आणि कमरेचा हँडसेट वाजायला लागला. टिंब, रेघ, टिंब. रिपीटरची ओळख. शेवटची रेघ लांबलेली.

मी आधी खिसा चाचपला. फ्यूज होता. मग डोकंच फिरलं. म्हटलं, म्हाताऱ्याने तार लावून सेट डायरेक्ट केला! "चाचा, बंद करा!" ओरडले. दहा मिनिटं तर सोडाच, अर्ध्या मिनिटात ओळख पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा.

मी खाली उतरले ती भांडायला. खरंच सांगते, काळजी-बिळजी काही नव्हती, तोंडात शिव्या होत्या.

चाचा खोलीत जमिनीवर कलंडले होते. कपाळ घामाने निथळलेलं, ओठ पांढरे, आवाज फुटत नव्हता. फ्यूजची जागा रिकामी. सेटचा दिवा बंद. तार कुठेच नाही.

खालच्या शेतात हळद काढणारी दोन माणसं धावत आली, त्यांनी उचलून गाडीत घातलं. अहमदपूर कसं गाठलं, माझं मला ठाऊक. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक आहे, वेळेत आणलंत. वरचं माझं काम अजून तासभर तरी चाललं असतं.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तर लातूरच्या सोनवणे सरांचा फोन. रिटायर्ड मास्तर, आमच्यातलेच हॅम.

"मॅडम, झालं की वो तुमचं काम! लई कडक सिग्नल हाय. दुपारी तीनदा ओळख आली. वहीत टायमासकट लिवलंय बगा."

वेळ तीच होती. माझा हँडसेट साठ किलोमीटरवर पोचत नाही, आणि अँटेनापासून सुटलेलं केबलचं टोक माझ्या हातात होतं. तेव्हा आठवलं, फ्यूज खिशातच राहिलाय. चेन उघडून बाहेर काढला.

उडालेला होता. काच आतून काळी, तार नाहीशी.

चाचा बरे होऊन दुकानात बसायला लागल्यावर तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून पाहिला. "ह्यो झटक्यात उडालाय. लोड लई आला असंल."

"चाचा, तो माझ्या खिशात होता."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरणी दे."

सगळं तपासून झालंय. बॅटरी, सेट, केबल, माझं डोकंसुद्धा. रिपीटर आता नव्या फ्यूजवर झक्क चालतो. चाचा माळावर येत नाहीत, दुकानात बसून ऐकतात. मी मात्र टॉवरवर निघाले की फ्यूज काढायच्या आधी त्यांना फोन लावते, "कसं वाटून राहिलं?" विचारते, आणि उत्तर आल्याशिवाय चढत नाही.

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा ते बरणी पुसत होते. आत एकच फ्यूज.

"सापडलं का काही?"

"नाही, चाचा."

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बरणी परत फळीवर ठेवली.