आनंदीबाईंनी मागितलेली अर्धी गच्ची

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या आमच्या सोसायटीत आनंदीबाई मोहित्यांशी भांडण झालं नाही असं एकही घर नाही. माझ्याशी तर दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा त्याच जिंकल्या. पण गच्चीच्या भांडणात मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या बाजूला होते, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचे यजमान बाळकृष्णकाका रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मागे खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून सपाटीवर काठी घेऊन बरे चालतात, पण जिना उतरणं कायमचं बंद. घर चौथ्या मजल्यावर. त्यामुळे लिफ्ट चालू असेल तरच काका घराबाहेर.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये सोसायटीचे प्रमुख हिंमतराव निंबाळकर यांनी वीजबचतीचा ठराव आणला. दुपारी एक ते चार लिफ्ट बंद आणि जिन्यातले दिवे दिवसभर बंद. हिंमतराव माणूस वाईट नाही, पण हातात ठराव आला की त्यांच्या अंगात संस्थानचा कारभारी संचारतो. काकांना व्यायामासाठी फिजिओकडे जायची वेळ नेमकी दुपारचीच होती. आनंदीबाई उभ्या राहिल्या.

"म्हाताऱ्या माणसाला कोंडून वीज वाचवता? दुपारी गच्चीवर एवढं ऊन पडतं आणि नेमकी तेव्हाच तुमची लिफ्ट बंद! अर्धी अगाशी द्या, सोलर बसवा आणि दिवसभर फिरवा लिफ्ट."

अनुदान कुठून मिळतं, सोसायटीच्या मीटरला ते कसं जोडतात, सगळं त्या विचारून आल्या होत्या. लोकांनी माना डोलावल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचा धवल अगदी नम्रपणे म्हणाला, "काकी, ए बधुं बराबर, सगळं पटलं. पण उत्तरायणला आपण उभं कुठे राहायचं?"

झालं! बडोद्यातला माणूस एक वेळ फाफडा-जलेबी सोडेल, पण संक्रांतीला, पतंगाच्या दिवशी गच्चीवरची वीतभर जागा सोडणार नाही. सोलरच्या बाजूने दोनच हात वर झाले, एक त्यांचा आणि एक माझा. लिफ्टबंदी मात्र टाळ्या वाजवून मंजूर झाली.

काकांचा व्यायाम सुटला. दुसरी वेळ मागून मिळाली नाही. आधी ते दुपारी गॅलरीत येऊन रस्ता बघत बसायचे, मग तेही येईनासे झाले. एवढा गप्पिष्ट माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला मला बघवत नव्हता. हिंमतराव जिन्यात भेटले की माझं डोकं फिरायचं.

आता काकांची एक गोष्ट सांगायची राहिली. पतंगाला जी दोऱ्याची कण्णी बांधतात, तिला इथे किन्ना म्हणतात. किन्ना चुकला की पतंग गिरक्या खात खाली येतो. काकांनी बांधलेला किन्ना चुकत नाही, म्हणून उत्तरायणच्या आदल्या दिवशी सगळी सोसायटी पतंगांचे गठ्ठे घेऊन चौथ्या मजल्यावर जाते. या वर्षी आनंदीबाईंनी पार्किंगमध्ये खडूने लिहिलं: किन्ना इथेच बांधून मिळेल, दुपारी दोन वाजता.

दोन वाजता गठ्ठे घेऊन लोक हजर, आणि काका वर.

"वहिनी, आजच्या दिवस लिफ्ट चालू करू," हिंमतराव म्हणाले.

"का म्हणून? ठराव तुमचाच ना? मग पाळा. उचलून आणा त्यांना."

आणि खरंच, धवल, हिंमतराव आणि आणखी दोघे वर गेले. काकांना लाकडी खुर्चीत बसवून निघाले. आनंदीबाई काठी घेऊन मागे, मी त्यांच्या मागे. जिन्यात दिवे नाहीत. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर धवलचा पाय सटकला, खुर्ची कलली आणि काका कठडा पकडून ओरडले. कुणाला लागलं नाही. पण चौघांनी खुर्ची तिथेच टेकवली.

"पार्सलसारखं नका रे नेऊ मला," काका म्हणाले. "ठेवा इथेच. पतंग आणा वर."

त्यांनी पहिला पतंग मांडीवर घेतला. गाठ बसेना. "जरा उजेड करा," ते म्हणाले. हिंमतरावांनी गुपचूप जाऊन जिन्यातला दिवा लावला.

मला वाटलं, आता आनंदीबाई त्यांचा चांगलाच समाचार घेणार. पण त्या पायरीवरच बसल्या आणि रडू आवरत म्हणाल्या, "उपकार नकोत मला. ह्यांना मनात आलं की खाली जाता यावं. कुणाच्या खांद्यावरून नाही."

धवलने कान पकडले. "काकी, अर्धी अगाशी तमारी."

"माझी कशाला? सोसायटीची. आणि नुसतं बोलू नका, मीटिंग लावा."

मीटिंग लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्चीच्या अर्ध्या भागावर सोलरची पॅनेल बसली, मीटर बदलला आणि लिफ्टबंदी हिंमतरावांनी स्वतःच रद्द केली.

पहिल्या दुपारी काकांनी बायकोचा हात झिडकारून बटण स्वतः दाबलं. खाली गेले. वर आले. पुन्हा खाली गेले. तळमजल्यावर हिंमतरावांनी दार किलकिलं करून विचारलं, "बाळकृष्णराव, खाली काही काम?"

"काम कशाला लागतं?" वरून, माझ्या शेजारी उभ्या आनंदीबाई कडाडल्या. "ऊन फुकट पडतंय, माझा नवरा फिरतोय. तुम्ही झोपा!"

या खेपेला त्यांनी बटण दाबलं, तर लिफ्ट रिकामीच वर आली. आम्ही दोघी गॅलरीत धावलो. काका फाटकाबाहेर पोचले होते आणि रणरणत्या उन्हात, काठी टेकत, समोरच्या चहाच्या हातगाडीकडे निघाले होते.

"अहो! टोपी तरी घाला! थांबा, मी येते!"

त्यांना ऐकू गेलं होतं. मागे न बघता त्यांनी 'नको' म्हणून हात हलवला आणि एकट्याने रस्ता ओलांडला.