कोंबडीखाद्याच्या दुकानातला दवाखाना

"तीन महिने. मग क्लिनिकला कुलूप," रिक म्हणाला. रिक आमचा काउंटी मॅनेजर, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेचा मुख्य अधिकारी. "पेशंट येतच नाहीत, डॉक. म्हणजे गरज नाही."

गरज नाही! मी सायकियाट्रिस्ट, मूळची नागपूरची, आता अमेरिकेतल्या कॅरी शहराची. दर सोमवार-मंगळवार दीड तास ड्राइव्ह करून या गावात येते. आसपास दुसरा मानसोपचारतज्ज्ञ नाही. माझ्या अपॉइंटमेंट कायम हाऊसफुल्ल, आणि वेटिंग रूममध्ये फक्त प्लास्टिकचं एक झाड. अपॉइंटमेंट घेऊन न फिरकणाऱ्याला आमच्यात 'नो-शो' म्हणतात.

सगळ्यात जास्त काळजी होती अर्लची. सत्तरीचा माणूस, विजेच्या खांबांवर चढण्यात आयुष्य गेलेलं. तो लिथियम घेतो. मूड ताळ्यावर ठेवणारं जुनं, भरवशाचं औषध. पण रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, नाहीतर तेच औषध विषासारखं वागतं. अर्ल दोनदा आला नव्हता. आधीच्या गोळ्या त्याच्याकडे थोड्या उरल्या होत्या, पण तपासणीशिवाय मी पुढचं औषध लिहून देऊ शकत नव्हते. आणि औषध थांबलं की काय होतं, ते त्याच्या बायकोनं एकदा पाहिलं होतं. पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती.

मी मेसेज पाठवले, फोन केले. व्हिडिओ कॉलही करून पाहिला. अर्लकडचं इंटरनेट असं, की माझा चेहरा आ वासलेलाच थिजायचा.

मग एका मंगळवारी रिसेप्शनवरची डॉना सहज म्हणाली, "कालचा पीच पाय आवडला का, हनी?" पीच पाय म्हणजे पीचच्या फोडी भरून भाजलेला गोड पदार्थ.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझी निळी गाडी चाळीस मिनिटं डायनरच्या दारात होती. नुसत्या कॉफीला एवढा वेळ लागत नाही."

मी ताडकन उठून खिडकीशी गेले. आमचं पार्किंग भर मेन स्ट्रीटवर. समोर डायनरची, म्हणजे गावातल्या खानावळीची, लांबलचक काच, आणि काचेमागे कॉफी पीत बसलेलं अर्धं गाव. इथे माणसाला चेहऱ्याआधी पिकअप ट्रकवरून ओळखतात.

"डॉना, अर्लचा ट्रक कसा आहे?"

"लाल. एक दार पांढरं. अख्ख्या काउंटीत तसा एकच." तिची नजरही समोरच्या काचेकडे गेली. "अरे देवा. तो इथे उभा दिसला, की गावभर चर्चा!"

"आणि कुणाचाही ट्रक कुठे दिसला, तर गाव काही म्हणत नाही?"

"फीड स्टोअर," ती क्षणात म्हणाली. म्हणजे कोंबड्यांचं खाद्य, कुंपणाची तार, गमबूट विकणारं दुकान. मागे दोन खोल्या रिकाम्या होत्या.

रिक खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "तुम्हाला पेशंट गोदामात बघायचेत?"

"दार बंद, भिंती साउंडप्रूफ. बोर्ड मात्र लावायचा नाही."

"सरकारी क्लिनिक, आणि बोर्ड नाही?"

"तुम्ही तसंही कुलूप लावणारच आहात. तोवर मला खेळू द्या की!"

डॉनानं सगळ्या पेशंटना फोनवर नवी जागा कळवली. पहिल्या सोमवारी मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. पलीकडे विक्रीला आलेल्या पिल्लांचा चिवचिवाट. साडेनऊला दार उघडलं आणि अर्ल आत आला, खांद्यावर कुत्र्याच्या खाद्याचं भलंमोठं पोतं!

"मिस्टर अर्ल, कुत्रा पाळलात?"

"छे! पण दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडलो, तर लोक काय म्हणतील?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, नियम असतात. रक्त तिथेच काढलं. लिथियम जरा जास्त निघालं, डोस कमी केला. आणखी महिनाभर तो आला नसता, तर गाठ हॉस्पिटलशी होती. त्याच्यामागून दिवसभर लोक येत राहिले. मला जेवायला फुरसत मिळाली नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिसऱ्या महिन्यात रिक तपासणीला आला. दुकानात मका, तार आणि बूट घेणारी गर्दी. तो माझ्या कानाशी लागला, "यातले पेशंट कोणते?"

"ते तुम्हाला ओळखता आलं, तर मी उद्याच बंद करते."

कुलपाचा विषय त्या दिवशी संपला. पेशंट का येत नाहीत, हे शोधायला मी त्यांच्या मनात खूप खोल शिरले होते. उत्तर रस्त्यावर होतं.