‘कोनाचा व्हय रे तू?’

मी टारगट पोरांची बाजू घेते, असं आमच्या सकाळच्या बसमध्ये माझ्याबद्दल बोललं जातं. पाठीमागे नाही, पुढच्या सीटवर बसून, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात. त्या बोलणाऱ्यांसाठी, आणि त्या दिवशी बसमध्ये नसूनही ज्यांच्याजवळ मत तयार आहे त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे.

बस नाचणगावहून निघते आणि देवळीवरून वर्ध्याला जाते. मी शेवटपर्यंत जाते, कारण वर्ध्याच्या नालवाडीतल्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम करते. देवळीपर्यंत मात्र बस शाळेचीच असते. नाचणगावची आणि वाटेतल्या खेड्यांची मुलं देवळीच्या शाळांत जातात. मुली पुढे, मुलगे मागे, मधे आम्ही नोकरीवाले आणि बाजाराला निघालेले.

मागची पोरं कशी आहेत ते लपवण्यात अर्थ नाही. बस थांबायच्या आधीच खिडकीतून दप्तरं फेकून जागा धरतात. मोबाइलवर गाणी लावतात, आणि तो आवाज पुरला नाही की स्वतः गातात. एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करतात. दारात लोंबकळतात. एकदा एकाने झोपलेल्या प्रवाशाच्या बुटांच्या नाड्या सीटच्या पायाला बांधल्या होत्या. तो माणूस उतरायला उठला तेव्हा काय झालं ते सांगायला नको. मला या पोरांचा त्रास होतो आणि मी तो त्यांना बोलून दाखवते. ती मला ‘मॅडमबाई’ म्हणतात, त्यात आदर नसतो.

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर होती. बाबा जयंतीची, सभांची, मोर्चांची पत्रकं लिहायचे, छापून आणायचे आणि सायकलवरून वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. कागद इतका पातळ की पाढ्यांमधून पलीकडची उलटी अक्षरं दिसायची. पत्रक लिहिण्याचा बाबांचा नियम साधा होता. काय घडलं ते आधी लिहायचं, राग नंतर.

तर आधी काय घडलं ते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. आमच्या बसला अजून जुनी दोरी आहे, छताखालून पुढून मागे गेलेली. ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजते. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. दोरी ओढायचं काम कंडक्टरचं. पण तिचं टोक मागच्या लांब सीटच्या वर बांधलेलं आहे, आणि त्या सीटवर ही सहा पोरं बसतात.

एका फाट्यावर एक म्हातारी उतरत होती. हातात तुरीच्या शेंगांनी भरलेली पिशवी. एक पाय पायरीवर होता, दुसरा जमिनीकडे निघालेला. कंडक्टर पुढे कोणालातरी सुटे मागत होता. तेवढ्यात घंटी दोनदा वाजली. ड्रायव्हरने गाडी सोडली आणि म्हातारी गुडघ्यांवर आणि तळहातांवर मुरमात पडली. पुढच्या मुली किंचाळल्या, गाडी थांबली. मागच्या सीटवर आधी हसू फुटलं आणि मग ते मधेच बंद पडलं.

ही मस्ती नव्हती. गाडी आणखी हातभर पुढे गेली असती तर मागचं चाक म्हातारीवरून गेलं असतं. हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते.

कंडक्टर मागे आला. “कोनं मारली घंटी?”

पोरं दप्तरांत डोकी घालून बसली.

“आता काऊन चूप? आतालोग तं गाने म्हनून राह्यलते.”

आमच्या बसमध्ये एक काका रोज असतात. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पण कामांसाठी अजून रोज देवळीला जाणारे. बसमध्ये काहीही वाद झाला की निकाल त्यांचा. ते उठून मागे आले आणि कंडक्टरला बाजूला सारत म्हणाले, “असे नाई सांगत हे पोट्टे. मी पाह्यतो.”

पहिल्या पोराला उभं करून त्यांनी विचारलं, “कोनाचा व्हय रे तू?”

आमच्याकडे मोठी माणसं पोराला हेच विचारतात. नाव नाही, इयत्ता नाही, काय केलंस तेही नाही. कोणाचा ते.

पोराने बापाचं नाव सांगितलं. बापाचं कृषी केंद्र आहे.

“अरे, त्याच्याच दुकानात तं बसतो मी रोज. सांगतो त्याले आज. बस खाली.”

दुसरा सरपंचाचा पुतण्या निघाला. “तुले शोभते का हे? काका कोन तुहा, अन् तू काय करून राह्यला?” तोही बसला. तिसऱ्याचे वडील मास्तर होते, चौथ्याचा मामा काकांच्या ओळखीचा होता, पाचवा काकांच्याच गल्लीतला. प्रत्येकाला एक टपली मिळाली आणि जागा मिळाली.

सहावा खिडकीपाशी होता. त्याने बापाचं नाव सांगितलं, आडनावासकट. तो विहाराच्या मागच्या गल्लीतला, म्हणजे आमच्याच गल्लीतला.

“हां,” काका म्हणाले. “मंग बरोबर हाये.”

एवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही. बसमधल्या बऱ्याच माना हलल्या.

“म्या नाई मारली,” पोरगा म्हणाला.

“मंग कोनं मारली? सांग नाव.”

त्याने नाव सांगितलं नाही.

“याचा पास काढून घे,” काका कंडक्टरला म्हणाले. “डेपोत जमा कर. एकाचा गेला का बाकीचे आपोआप लायनीवर येतात.”

“मोबाइलनं बिघडवलं या पोट्ट्याइले,” एक बाई म्हणाल्या. “घ्या पास, घ्या.”

त्या पासाचा अर्थ मला माहीत होता. त्याची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचते. मोठ्या भावाची शाळा अशीच काहीतरी कारणाने दोन महिने बुडाली, ती पुन्हा सुरू झाली नाही. तो आता कारंज्याला हायवेवरच्या ढाब्यावर ताटं उचलतो. धाकट्याचा पास परीक्षेच्या तोंडावर डेपोत गेला असता तर तो सोडवायला कोण जाणार होतं? आईची मजुरी बुडवून आई? बाकीच्या पाचांचे पास दुपारपर्यंत कोणाच्यातरी फोनवर सुटले असते. याच्यामागे फोन करणारं कोणी नव्हतं. म्हणूनच काकांचं बोट त्याच्यापाशी थांबलं.

मी उठले.

“काका, घंटी कोनं मारली ते पाहा. कोन कोनाचा, ते कायले पाह्यता?”

काका वळले. “तू कोनाची वं?”

“मी प्रवासी व्हय. तिकीट हाये माह्याजवळ.”

“अर्ध,” मधल्या सीटवरून कोणीतरी म्हणालं. “अर्ध तिकीट अन् भाषन पुरं.”

बस हसली. बायकांना अर्ध तिकीट झाल्यापासून हा विनोद आम्ही रोजच ऐकतो, पण त्या दिवशी तो बरा जमला होता.

“याले दोरी ओढताना पाह्यलं तुमी?” मी काकांना विचारलं.

“पाहाले काय लागते? चाळीस वर्ष लोकं पाह्यले म्या.”

“लोकं नाई, काका. आडनावं पाह्यले.”

काकांच्या मानेवरची शीर दिसायला लागली. मला भीती वाटत होती, हे खरं आहे. रोजची बस आहे, रोज याच माणसांबरोबर बसायचं आहे. पण गप्प बसले असते तरी रोज याच बसमध्ये बसायचं होतं.

तेव्हाच माझं लक्ष खिडकीबाहेर गेलं. म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून होती. ड्रायव्हर तेवढा उतरला होता आणि आपल्या बाटलीतल्या पाण्याने तिचे हात धुऊन देत होता. बाकी आम्ही सगळी मोठी माणसं बसच्या मागच्या भागात गर्दी करून न्यायनिवाडा करत होतो. जिच्यासाठी न्याय चालला होता तिच्याकडे आमची पाठ होती.

“तुमी सहाही खाली उतरा,” मी पोरांना म्हटलं.

त्यांनी कंडक्टरकडे पाहिलं. “जा बे,” तो म्हणाला.

म्हातारीचा गुडघा फुटला होता, लुगड्याला रक्त लागलं होतं. दवाखान्यात नेतो म्हटलं तर तिने हात झटकला. मुलगी घ्यायला येत होती. पोरं तिच्यासमोर उभी राहिली. बसमध्ये मोठी वाटत होती, रस्त्यावर एकदम बारकी दिसायला लागली.

“चुकलं, आजी,” त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं.

“चुकलं म्हन्ते. गुडघा काय तुही माय देनार हाये का मले? उचला ते शेंगा. माती झटकून टाका. फुटक्या नोका टाकू पिशवीत.”

त्यांनी ओणवं होऊन शेंगा वेचल्या. सरपंचाच्या पुतण्याने फुटकी टाकली तर म्हातारीने ती काढून त्याच्याच अंगावर मारली. शेवटची शेंग पिशवीत जाईपर्यंत ड्रायव्हरने गाडी हलवली नाही.

बसमध्ये परत चढल्यावर मी कंडक्टरला म्हटलं, “भाऊ, पास काढाचा तं सहाही जनाईचा काढा. दोरीखाली सहाही बसले होते. हासले बी सहाही.”

कंडक्टर तरुण होता, आणि मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं. त्याने सहाही पास घेतले, त्यांना रबर लावलं आणि वरच्या खिशात घातले. आता मागच्या सीटवर खरी शांतता झाली. त्याआधी पाच जण बिनधास्त होते.

देवळी यायच्या आधीच काकांचा फोन वाजला. पुतण्याने सरपंचाला मेसेज टाकला असणार. “हो, हो,” काका फोनवर म्हणत होते, “नाई, नाई, गैरसमज झाला.” फोन ठेवून ते कंडक्टरच्या कानाशी लागले, पण त्यांना हळू बोलायची सवय नाही. “तेवढा त्या पोराचा देऊन टाक. मोठ्या घरचा हाये, उगाच वाढन.”

कंडक्टरचा हात खिशाकडे गेला. मी त्याच्या सीटपाशी जाऊन उभी राहिले.

“एक बाहेर आला तं सहाही बाहेर आले पायजे.”

“ताई, माही नौकरी हाये.”

“म्हनूनच म्हनतो मी. उद्या कोनं इचारलं, एकाचा काऊन ठेवला अन् एकाचा काऊन देला, तं काय सांगसान? सहाही ठेवले तं सांगता येईन. सहाही देले तं सांगता येईन.”

त्याने खिशातून गठ्ठा काढला. मग पोरांना पुढे बोलावलं. गठ्ठा हातात धरून म्हणाला, “उद्यापासून हर थांब्यावर तुमच्यातला एक जन दाराशी उभा राहीन. शेवटचा मानूस जमिनीवर टेकला का ‘उतरले’ म्हनून आवाज देईन. तेच्या आवाजाबिगर मी घंटी मारनार नाई. ज्यानं कामचोरी केली, तेचा पास गेला.” आणि सहाही पास एकदम पोरांच्या हातात दिले. हे मला सुचलं नव्हतं. ते त्याचं होतं.

“हे शिक्षा व्हय का बक्षीस?” काका म्हणाले.

“तुमी उतरसान तवा समजन, काका,” कंडक्टर म्हणाला.

आता मात्र बस मोकळेपणाने हसली. काकांनी ते माझ्या खात्यावर टाकलं. “तुमच्या दोघाइचीबी तक्रार करतो,” ते म्हणाले.

“करा,” मी म्हटलं. “नाव लिहून घ्या माह्यं.” आणि माझं नाव त्यांना आडनावासकट, सावकाश सांगितलं, लिहिताना चुकू नये म्हणून. त्यांनी ते मोबाइलमध्ये घातलं. तक्रार झाली की नाही मला माहीत नाही. झाली असेल तर मी उत्तर द्यायला तयार आहे.

आता राग. मोठी माणसं मला विचारतात, मग पोरं सुधारली का? नाही सुधारली. दाराचं काम करतात, ‘उतरले’ असं मुद्दाम बेंबीच्या देठापासून ओरडतात, आणि ओरडून झाल्यावर त्याच दारात लोंबकळतात. पण पोरांना सुधारायचं म्हणून तुम्ही उठला होता, हे मला सांगू नका. पाच जणांना तुम्ही घंटीचं काहीही न विचारता सोडलं. सहाव्यालाही काही न तपासता धरलं. पोराला जरूर अडवा. हात धरा, दप्तर काढून घ्या, शाळेत येऊन सांगा, पडलेल्या माणसासमोर नेऊन उभं करा. चूक मोठी असेल तर शिक्षाही मोठी द्या. पण त्याने काय केलं ते आधी शोधायचे कष्ट घ्या, आणि तेवढे कष्ट नको असतील तर आपल्या जागेवर बसून राहा. पोरं गाणी म्हणताना बहिरी असतात, पण हे पाहताना आंधळी नसतात. मागच्या सीटवरच्या सहाही जणांना त्या सकाळी कळलं होतं की कोणाला किती माफ आहे. सुटलेल्या पाच जणांना ते कळणं मला जास्त धोक्याचं वाटतं.

घंटी कोणी मारली ते मला आजही माहीत नाही. कदाचित त्यानेच मारली असेल. असं म्हटलं की लोकांना वाटतं, मी हरले. त्याने मारली असेल तरी काकांनी ते पाहिलं नव्हतं, आणि माझं म्हणणं तसूभरही हलत नाही.

तो दहावी पास झाला, बेताच्याच मार्कांनी. आता देवळीलाच अकरावीत आहे आणि त्याच बसने जातो. अजून मागच्या सीटवर बसतो, आणि त्याचा आवाज फुटल्यापासून त्याचं गाणं ऐकवत नाही. परवा मी त्याला दोनदा म्हटलं, बंद कर. त्याने मित्रांकडे पाहून डोळे मिचकावले आणि पुढचं कडवं घेतलं. मी उठून मागे गेले, त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि देवळीपर्यंत माझ्या पर्समध्ये ठेवला. उतरताना त्याने तो मागितला, मी दिला. दाराशी त्याने शर्टाच्या खिशातून पास काढून कंडक्टरला दाखवला आणि शाळेच्या रस्त्याला लागला.