ओट्यावरची भिंत

आयटीआयच्या कुंपणाच्या भिंतीवर सध्या आमच्या गल्लीतली माणसं मिळून एक चित्र रंगवताहेत. वेल्डिंग करणारी मुलगी, कुबडी टेकून वायरिंग जोडणारा माणूस आणि शेवटी हातात थापी घेऊन भिंतीला गिलावा करणारी बाई. बाईचा पदर जरा जास्तच नीटनेटका आहे, पण ते असो.

काल त्या रंगवलेल्या बाईसमोर एक म्हातारी उभी होती. चित्रातल्या थापीवर तिने आपली मूठ ठेवून पाहिली. ओला रंग हाताला लागला, तो तिने पुसला नाही.

"मावशी, तुम्ही बांधकामावर होता का?" मी विचारलं.

"जन्म गेला. पण घमेली वाहण्यात. थापी मालकांच्या हातात." मालक म्हणजे तिचा गवंडी नवरा. "ते चहाला गेले की मी हळूच थोडा गिलावा मारायची. आले की खरवडून टाकायचे. एका स्वयंपाकघरात तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. ओट्याच्या वर, खिडकीशेजारी."

"कुणाचं घर?"

"तेच आठवत नाही. आता तर तिथं टाइल्सही बसल्या असतील."

आपण राहतो त्या भिंतींच्या आत कुणाकुणाची हौस अशी बुजून गेली असेल, कोण जाणे. घरी येऊन चहा ठेवला आणि नकळत ओट्यावरच्या खिडकीशेजारी हात टेकवला. टाइल गार होती. आत काय आहे ते कळायला काही मार्ग नव्हता. तरी हात काढवेना.