उंबऱ्याबाहेरचा पाथरवट

विहारासाठी बुद्धमूर्ती बाहेरून तयार आणावी, पांढरी आणि गुळगुळीत, असं कमिटीतल्या सगळ्यांचं मत होतं. मी एकटी अडून बसले. बुद्ध आपल्या काळ्या दगडाचाच हवा आणि बोरीच्या मुंजाजीमामांच्याच हातचा हवा. मी शाळेत शिकवते, त्यामुळे हुज्जत घालायची सवय आहे. शेवटी पाचही पुरुष कंटाळून हो म्हणाले. "पण बिघडली तर तू बघ, सुकेशनी," असं अप्पांनी बजावलं. अप्पा म्हणजे माझे वडील दत्तराव, निवृत्त मास्तर आणि कमिटीचे अध्यक्ष.

मुंजाजीमामा जातीचे पाथरवट, वय सत्तरीच्या पुढे. एकेकाळी जाती, पाटे, खलबत्ते घडवायचे, घरोघर फिरून जात्यांना टाकी लावून द्यायचे. मिक्सर आले आणि जाती अंगणात पालथी पडली. मग मामांकडे उरले ते देव. आसपासच्या गावांतले मारुती, खंडोबा, नंदी त्यांच्याच हातचे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं लोक मोठ्या तोऱ्यात म्हणतात. घाव घालणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं होतं.

"चार-चार महिने लेकरावाणी मांडीशी धरतो त्याला," मामा म्हणाले होते. "मंग देवळात नेऊन मुहूर्तावर डोळे उघडायचे. भटजी मंत्र म्हणतो, देवात प्राण येतो. तिथून पुढं आपला हात न्हाई लावायचा. हत्यारं गुंडाळायची, मागं सरायचं आन् उंबऱ्याबाहेरून नमस्कार." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रीत ती रीत. पण थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "एकदा तरी हात फिरवून बघायचा होता. प्राण आल्यावर गार लागतो का ऊन, एवढंच."

मूर्तीचं काम हिवाळ्यात सुरू झालं. शाळा सुटली की मी त्यांच्या बाभळीखाली जाऊन बसायची. त्यांना सगळं विचारायचं असायचं.

"हा देव का माणूस?"

"माणूस, मामा. राजाघरचा. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघितलं आणि घर सोडलं. दुःख का आहे, ते संपेल कसं, हे शोधलं आणि पंचेचाळीस वर्षं पायी फिरून लोकांना सांगितलं."

"मेला कसा?"

"ऐंशीव्या वर्षी. आजारी पडून, दोन झाडांच्या मधे आडवा होऊन."

मामांनी छिन्नी थांबवली. "मंग आपल्यातलाच की," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

पहिली काही शतकं बुद्धाची मूर्तीच नव्हती, लोक नुसती पावलं, झाड नाहीतर रिकामं आसन कोरायचे, हे सांगितल्यावर तर ते खुळ्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मग हा धम्म चीन-जपानपर्यंत कसा गेला, आपल्याकडे मात्र कसा विसरला गेला, आणि आमच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर तो परत कसा घरात आणला, तेही सांगितलं.

"ठाव हाय मला. तुज्या आज्यानं घरातले देव टोपल्यात घालून पूर्णेत सोडले," मामा हसून म्हणाले. "त्यातला म्हसोबा माज्या बापानं घडवलेला. आमचा एक बुडवला, आता एक बसवा म्हणजे फिटंल."

अप्पांशी मात्र त्यांचं एकदा वाजलं. मामा सहज म्हणाले, "बुद्ध म्हंजे इष्णूचा नववा अवतार, आमी दशावतारात काढतो की." अप्पा ताडकन उठले. "आमच्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात मुंजाजी, त्यात हेच नाकारलंय!" मामांना आपलं काय चुकलं तेच कळेना. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामांनी रामराम घातला, अप्पांनी नेहमीसारखं जयभीम म्हटलं आणि विषय मिटला.

शेवटच्या आठवड्यात मूर्तीच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं दिसलं. मला वाटलं धूळ बसू नये म्हणून असेल. इतकी शिकले, पण एवढंसं विचारायचं सुचलं नाही.

वैशाखी पौर्णिमेला सकाळी आठ वाजताच ऊन चटके देत होतं. मूर्ती ट्रॅक्टरमधून विहारात आली, चौथऱ्यावर बसली. पांढऱ्या साड्या नेसून बायका जमल्या होत्या. परभणीहून भन्तेजी निघाल्याचा फोनही आला. अप्पांनी फडकं सोडलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

मूर्तीला डोळेच नव्हते. भुवयांखाली नुसता कोरा दगड.

"मुंजाजी, हे काय?"

"डोळे हितंच उघडायचे असत्यात न्हवं?" मामा भोळेपणानं इकडंतिकडं बघत म्हणाले. "भटजी कुठंय?"

कुणी हसलं नाही. मामांचा उजवा हात वर्षभरापासून कापतो, हे मला ठाऊक होतं आणि कमिटीपासून मी ते लपवलं होतं. छिन्नी एकदा घसरली की चेहरा गेला.

"भटजी न्हाई लागत, मामा," मी म्हणाले. "हा जगून गेलेला माणूस. ह्याच्यात प्राण घालायचा नसतो."

"मंग मी एकटाच उघडू?"

"तुमीच उघडा. अर्धे. तो आत पण बघायलाय आन् आपल्याकडं पण."

ते चौथऱ्यावर चढले. छिन्नी टेकवली. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. हळूहळू सगळ्या बायका म्हणू लागल्या. त्या लयीत मामांचा हातोडा पडायला लागला. "थांबू नका बायांनो," ते मागे न बघता म्हणाले. बायकांच्या म्हणण्यावर डावा डोळा उघडला, मग उजवा. त्याला अर्धा तास लागला.

चेहरा शांत होता. तसा चेहरा मी कुठल्याच तयार मूर्तीवर पाहिलेला नाही, आणि हे मी हट्टापायी म्हणत नाही.

मामा खाली उतरले. कपच्या वेचल्या, हत्यारं धोतराच्या फडक्यात गुंडाळली. मग पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे सरत उंबऱ्याबाहेर गेले आणि उन्हात उभं राहून हात जोडले.

अप्पा त्यांच्या मागोमाग गेले. "बाहेर काहून उभा?"

"डोळे उघडले की गुर्जी. आता माजा हात चालत न्हाई."

अप्पा त्यांच्याजवळ सरकले. "माज्या बापाला लोकांनी असंच उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, मुंजाजी. आमच्या दारात कुणी तसं उभं राह्यचं न्हाई. चल."

त्यांनी मामांचा हात धरला आणि थेट चौथऱ्यापाशी आणलं. मामांनी तळवा धोतराला दोनदा पुसला आणि मूर्तीच्या गालावर ठेवला. ओठाच्या कोपऱ्यात दगडाची भुकटी राहिली होती, ती अंगठ्यानं पुसली.

"लय मारलं रं बाबा तुला," ते म्हणाले.

भन्तेजींची गाडी दारात आली तरी त्यांनी हात काढला नाही, आणि काढा असं त्यांना कुणी म्हटलंही नाही.