फोकस कुठे पडला

पापनाशमच्या बस-थांब्यावर नटेशन भेटला, तेव्हा मी कालव्याच्या कामाचे कागद काखेत धरून तंजावरच्या गाडीची वाट पाहत होतो. तो समोरच्या गाडीतून उतरला आणि थेट माझ्याकडे आला. एरवी तो लांबूनच हाक मारतो. सुंदरावहिनींना तो अम्मा म्हणतो. "अम्मा गेल्या, सकाळी," एवढेच म्हणाला आणि माझ्या हातातले कागद काढून घेतले. मला वाटते ते खाली पडतील अशी त्याला भीती वाटली असावी. ते पडले नसते. असल्या वेळी माझे हात नीट चालतात. गाडीत बसल्याबसल्या मी यादी केली: बडोद्याच्या नातेवाइकांना तार, वहिनींच्या भावाला तार, भटजी, लाकडे, घरात कुणी जेवले का ते पाहणे. संध्याकाळपर्यंत सगळ्यावर खुणा झाल्या. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. करण्यासारखे काहीच उरले नाही आणि मला मात्र एका जागी बसवत नाही. रविवारी सकाळी पाय आपसूक त्यांच्या गल्लीकडे वळतात, वळणावर मी त्यांना आवरतो, परत येतो, कपाट लावायला घेतो… कपाट आधीच लावलेले असते.

सुंदरावहिनी म्हणजे माझे मित्र रघुअण्णा यांच्या पत्नी. अण्णा शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्याकडे घडीचा, भात्याचा कॅमेरा होता. त्याच्या भिंगाभोवती एक कडे असते, त्यावर फुटांचे आकडे. समोरचा माणूस किती फुटांवर आहे याचा आपणच अंदाज घ्यायचा आणि कडे त्या आकड्यावर फिरवायचे. कॅमेरा काही सांगत नाही. अंदाज चुकला की माणूस पुसट येतो आणि मागची भिंत लख्ख. दर रविवारी अण्णांच्या घरच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, आम्ही आपापले फोटो घेऊन जमायचो. अण्णा, मी, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे गोपाळराव आणि दक्षिण रस्त्यावर स्टुडिओ असलेला नटेशन. नटेशन जन्माने तमिळ, पण मराठ्यांच्या गल्लीत वाढलेला, त्यामुळे भांडायला आमचीच भाषा वापरणारा.

आमची एक पद्धत होती. सगळे फोटो एका पितळी ताटात नावाशिवाय ठेवायचे. एकेक उचलायचा. चांगला-वाईट म्हणण्याआधी प्रत्येकाने त्यात सगळ्यांत स्पष्ट जे दिसते त्यावर बोट ठेवायचे. मग टीका. ज्याने काढला त्याने तोवर तोंड उघडायचे नाही. सगळ्यांचे झाले की त्याने सांगायचे, फोकस मला कुठे हवा होता. बोटे तिथेच पडली असतील तर फोटो जमला. नसतील तर पुन्हा काढायचा. पद्धत अण्णांची. मोडायची आमची कुणाची छाती नव्हती.

एकोणीसशे पन्नासनंतर दोन-तीन वर्षांत अण्णा गेले. ही बैठक आता संपली असे आम्ही धरून चाललो होतो. पण वहिनींनी निरोप धाडला, ताट घासून ठेवले आहे, रविवारी या. आम्ही गेलो. त्या दाराच्या आत, चौकटीला टेकून पाटावर बसायच्या. आम्ही बाहेर. कॉफी आतून यायची. पुढे काही महिन्यांनी ताटात असे फोटो यायला लागले की ते कुणाचे ते कळेना. चुलीतल्या विस्तवाचा एक. केळीच्या पानावर वाढलेल्या मिठाचा एक. मला वाटायचे गोपाळरावांचे, त्यांना वाटायचे माझे. आम्ही मोकळेपणाने तुटून पडत होतो. कुणाला इतका रिकामा वेळ आहे की चुलीचे फोटो काढावेत, असे गोपाळराव म्हणाले होते. नटेशन तर म्हणाला, ज्याने हा काढला त्याने आधी आपला चष्मा पुसावा. तेव्हा दाराआडून हसू आले, आणि मग काढणाऱ्याची बोलायची पाळी आली तसा आतून आवाज आला, "मी चष्मा लावत नाही की. फोकस निखाऱ्यावर हवा होता. तुमची बोटं सगळी कढईच्या कानावर पडली. चुकलाच."

अण्णांच्या कॅमेऱ्याने काढलेले रोल त्यांनी नटेशनला कळू न देता दुसरीकडून धुऊन आणले होते. पुढच्या रविवारी आम्ही तिघेही शहाण्यासारखे वागलो. ताटात त्यांचा फोटो कोणता ते आता ओळखू येत होते. विहिरीच्या कठड्याचा होता, आणि तो वाईट होता. आम्ही प्रकाशाची तारीफ केली, कल्पनेची तारीफ केली. वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मागच्या आठवड्यापर्यंत मी गाढव होते. आज एकदम सरस्वती झाले होय?" गोपाळरावांनी कॉफीचा टंबलर तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

त्यांना काय हवे होते ते मला नीट कळले ते मद्रासच्या प्रदर्शनाच्या वेळी. तिथल्या एका मंडळाने गावोगावच्या हौशी लोकांकडून फोटो मागवले होते. तंजावरहून एक पाठवायचा असे आमचे ठरले. वहिनींनी त्यांच्या सासूबाईंचा फोटो ताटात ठेवला होता. म्हातारी अंगणात बसून फुलांचा सर ओवते आहे. सासूबाई तेव्हा थकत चालल्या होत्या, घरात हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि हात हलते आहेत तोवर ते हात वहिनींना हवे होते. चित्र मनात भरणारे होते. आम्ही तिघांनी एकामागून एक बोट ओवणाऱ्या हातांवर ठेवले आणि हाच पाठवायचा असे म्हणून मोकळे झालो. काढणाऱ्याने बोलायची वेळ आली. वहिनी आत गेल्या, फोटो बारकाईने पाहायचे अण्णांचे भिंग घेऊन आल्या आणि उंबरा ओलांडून प्रथमच आमच्यात येऊन बसल्या. भिंग त्यांनी फोटोवर धरले. हात पुसट होते. स्पष्ट होता तो म्हातारीचा कान आणि कानातली कुडी.

घडले असे होते की अंतर मोजायला त्यांनी फुटाफुटावर गाठी मारलेली एक दोरी केली होती. एक टोक कॅमेऱ्याशी, दुसरे समोरच्या माणसाच्या कपाळाशी. गाठी मोजायच्या, दोरी सोडायची, कडे फिरवायचे. गोपाळराव चिडवायचे, वहिनी, फोटो काढता की पतंग उडवता. गल्लीतली सगळी पोरे ती दोरी कपाळाला लावून श्वास रोखून उभी राहिलेली आहेत. त्याच सवयीने वहिनींनी म्हातारीच्याही कपाळाला दोरी लावली होती. हात तर कपाळाच्या हातभर पुढे. हे आम्हां तिघांपैकी कुणालाही दिसायला हवे होते.

"तुमची बोटं माझ्या मनासारखी पडतात," वहिनी म्हणाल्या. "फोटोत आहे तशी पडत नाहीत. गोड बोलणारी माणसं मला घरात पुष्कळ आहेत की, भावजी. चुकलं म्हणणारी तुम्ही तिघंच. तुम्हीही असं केलंत तर मी कुणाला विचारू?"

 त्यांनी फोटो उचलला आणि परत ताटात ठेवला नाही. त्याच आठवड्यात दोरी फुलांना लावून त्यांनी तो पुन्हा काढला. या खेपेस नटेशनने भिंगाखाली बराच वेळ शोधाशोध केली, दोष काही हाती लागला नाही, आणि नाइलाजाने हातांवर बोट ठेवले. मद्रासला बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळाले. वहिनींनी ते विचारलेही नाही. नटेशनचा तो पडलेला चेहरा मात्र त्या पुढे कितीतरी दिवस करून दाखवायच्या.

त्यानंतर बैठकीत दया उरली नाही. वहिनींची जीभही काही मऊ नव्हती. नटेशन लग्नाळू मुलींचे फोटो काढायचा. ते स्थळांकडे बंगळूरला, बडोद्याला जायचे. असा एक त्याने मोठ्या अभिमानाने ताटात ठेवला. वहिनींनी बोट ठेवले ते मुलीच्या गळ्यातल्या हारावर. हार लख्ख, मुलगी धुक्यात. दागिने मागायला येतील त्यांना हा पाठव, म्हणाल्या, मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी दुसरा काढ. नटेशन महिनाभर फिरकला नाही. मग एके रविवारी त्याच मुलीचा नवा फोटो घेऊन आला, ताटात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. वहिनींनी डोळ्यांवर बोट ठेवले. "सरी अम्मा," म्हणजे बरं अम्मा, असे तो भिंतीलाच म्हणाला. त्या मुलीचे लग्न झाले. फोटोमुळे की कशामुळे ते मला माहीत नाही.

माझ्या फोटोंबद्दल त्यांचे मत थोडक्यात असे होते की मी आकडा बरोबर लावतो आणि माणूस विसरतो. मी ते लिहून ठेवले आहे, कारण मी सगळेच लिहून ठेवतो. त्यावर काय करायचे असते ते अजून कळलेले नाही.

शेवटच्या वर्षी दम्याने त्यांना पाटावर फार वेळ बसवेना. त्यांची भाची पद्मा ओरत्तनाडूहून येऊन राहिली होती. तीच कॉफी आणायची, तीच ताट मांडायची. वहिनी आत खाटेवरून टीका करायच्या, मधेच खोकल्याने थांबायच्या, आम्ही ताटकळायचो… आणि वाक्य तिथूनच पुढे सुरू व्हायचे.

गेल्या रविवारी मी वळणावर पायांना आवरले नाही. गोपाळराव आणि नटेशन तिण्णैवर आधीच बसलेले होते. कुणी कुणाला बोलावले नव्हते. पद्माने कॉफी आणली आणि मग ताट आणले. ताटात एकच फोटो. मावशींचा शेवटचा रोल नटेशनमामांकडून धुऊन आला, त्यातला हा, म्हणाली. आम्ही बसतो तिथे बसून वहिनींनी घराचे दार टिपले होते. दारात पाट, रिकामा. आत एक पाऊल मागे पद्मा, हातात टंबलर, पुसट. चौकटीचे लाकूड मात्र असे स्पष्ट की टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा दिसावी.

नटेशन म्हणाला, काय फोटो आहे. गोपाळराव म्हणाले, अप्रतिम. पद्माने डोळ्याला पदर लावला. मला बसवेना. मी उठलो, ओट्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो आणि चौकटीवर बोट ठेवले.

"फोकस इथं आहे," मी म्हणालो. "पद्मा पुसट आली. वहिनींचा चुकला."

नटेशनने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी वहिनींना ढकलूनच दिले आहे. पण त्याने भिंग मागितले. पाहिले. बोट ठेवले, चौकटीवरच. गोपाळरावांनीही ठेवले आणि ते उसळले. चुकला कशावरून? त्यांना चौकटच हवी असेल. बारा वर्षे त्या तिथे बसल्या, आपल्या जागेचा फोटो काढला, पद्मा पुसटच हवी. मी म्हणालो, मग पद्माला उभी कशाला केली? नटेशन म्हणाला, दम लागला असेल, दोरी लावायला आत जाववले नसेल, चौकटीलाच बांधली असेल. पद्माला विचारले. ती म्हणाली, दोरी आधी तिच्या कपाळाला लावली होती. मग मावशींनी ती काढून घेतली, हातात धरून गाठी चाचपत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, उभी राहा तशीच. पुढे दोरी कुठे लावली ते तिने पाहिले नाही.

आम्ही भांडलो. आवाज चढले, रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून पाहून गेला, कॉफीवर साय धरली. गोपाळराव मला यंत्र म्हणाले, मी त्यांना भाट म्हणालो. शेवटी तिघांचेही बोलून संपले. फोटो ताटात होता. मग काढणाऱ्याचे ऐकायला आम्ही दाराकडे वळून बसलो.