गारांचा पट्टा

दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. तासगाव भागात नव्यानं द्राक्षबागा उभ्या राहत होत्या आणि मी गारपिटीच्या अभ्यासासाठी तिथं हिंडत होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. लोकांना समजेल असं सांगता आलं तरच ते शिक्षण, असं आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं. ते मी मनापासून पाळत असे.

एका गावात मी पोचायच्या आदल्या दिवशीच गारा पडल्या होत्या. बागेत फुटक्या घडांवर माश्या घोंगावत होत्या, पण मालकाच्या अंगणात जमलेली माणसं बोलत होती ती तव्याबद्दल. गारा सुरू झाल्या की घरातल्या बाईनं भाकरीचा तवा अंगणात पालथा टाकायचा, मग गारा थांबतात, असं तिथं मानत. मालकाच्या नव्या सुनेनं घाबरून तवा भिरकावला, तो उताणा पडला. त्यात साचलेल्या गारा शेजारणींनी पाहिल्या.

"हिनंच बोलावल्या गारा," सासू म्हणाली. "म्हायारी धाडायची, परत आणायची न्हाई."

"आवं, ठिवून घ्या की! बर्फाचा कारखाना काडूया," एकजण म्हणाला. माणसं हसली. सून दाराआड उभी होती.

मी पुढं झालो. तव्याचा काही संबंध नाही, गारांचा ढग पुढं सरकत जातो आणि त्याच्याखालचा अरुंद पट्टाच झोडपला जातो, असं सांगितलं. पटावं म्हणून गारा कुठवर पडल्या ते बघत शिवार फिरून आलो आणि अंगणाच्या ओल्या मातीत काठीनं तो पट्टा आखून दाखवला.

सासू वाकून बघत राहिली.

"म्हंजी वढ्यापल्याड एक बी गार न्हाई?"

"नाही."

"आन् मदोमद आमचंच घर?"

"हो, पण त्याचं कारण..."

"बगा रं! सायेब बी त्येच सांगत्यात!"

पुढचं कुणी ऐकलं नाही. मला मात्र आग्रहानं चहा दिला. निघताना सासू म्हणाली, "तुमी साताऱ्याला निगालाय न्हवं? हिला संगट न्या. तितनं फलटणच्या यष्टीत बशिवा."

एसटीत कराड मागं पडलं तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "तवा पालथा पडला असता तर?"

"तरी पडल्याच असत्या."

"मग एवडं माज्या बाला सांगा. शिकल्याल्या माणसाचं त्यो ऐकतोय."

साताऱ्याला मी तिच्याबरोबरच फलटणच्या गाडीत चढलो.

तिचे वडील पलटणीतून निवृत्त झालेले, ऊस करणारे. त्यांनी मला पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि ढग, वारा, पट्टा, सगळं नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"त्यो पट्टा हिच्याच घरावरनं गेला, ह्ये खरं का?"

"खरं आहे."

त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवलेलं तिचं गाठोडं उचललं आणि घरात न घेता गोठ्यात नेऊन ठेवलं.